एकांत आणि सहरीची थाळी

मराठीत 'वाळवंट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक भूगोलाच्या पुस्तकातला. थर, सहारा, अरबस्तान, जिथे मैलोगणती माणूस दिसत नाही. दुसरा पंढरपूरचा. चंद्रभागेच्या पात्रातल्या वाळूलाही वाळवंटच म्हणतात आणि आषाढी-कार्तिकीला त्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसते. निर्जन जागेला आणि गर्दीच्या जागेला एकच शब्द. शाळेत मराठी शिकवताना मुलांना मी हे नेहमी सांगत असे आणि मुलं नेहमीच हसत.

आमच्या भंडारा जिल्ह्यात पहिल्या अर्थाचं वाळवंट नाही. हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही नुसतं मामा तलाव म्हणतो, धानाच्या बांध्या आणि मधून वाहणारी वैनगंगा. दुसऱ्या अर्थाचं वाळवंट मात्र होतं. उन्हाळा लागला की पवनीजवळ नदीचं पात्र आटायचं आणि रेतीचा मोठा पट्टा उघडा पडायचा. ढीवर समाजाची माणसं त्या रेतीत डांगरवाड्या लावायची, टरबुजं आणि डांगरं पिकवायची, राखणीसाठी तिथेच झोपड्या घालून राहायची. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. पुढे पाणी अडलं, शेतांना मिळू लागलं, कित्येक गावं उठली आणि पवनीच्या बाजूचं पात्र भरून राहू लागलं. आता ती रेती पाण्याखाली आहे. म्हणजे ज्याला वाळवंटात जाऊन बसायचं आहे, त्याला आमच्याकडे दोन्ही अर्थांनी सोय उरलेली नाही.

हे सगळं आठवायला कारण झालं ते माझ्या भाच्याचं. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. 2024 च्या जानेवारीत तो जैसलमेरच्या पलीकडे, सम गावाच्या बाजूला, वाळूच्या टेकड्यांमधल्या एका शिबिरात सात दिवस राहून आला. तंबूत राहायचं, मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करायचा, सूर्य उगवण्याआधी उठायचं, दिवसातले ठरलेले तास कुणाशी बोलायचं नाही, रात्री तारे बघत बसायचं. पैसे चांगलेच मोजावे लागले होते. परत आल्यावर त्याचा फोन आला.

"मामू, तुम्ही एकदा जाऊन याच. तिथे गेल्यावर कळतं, आपण किती आवाजात राहतो ते."

त्याचा स्वर खरोखर निवांत झालेला होता. मला बरं वाटलं. मी विचारलं, "जेवण कोण बनवायचं?"

"तिथलीच माणसं. जवळच्या ढाणीतली असतील."

"आणि पाणी?"

"टँकर यायचा." मग थोडं थांबून तो हसला. "मामू, तुम्ही मास्तर ते मास्तरच."

मी त्याला टोचण्यासाठी विचारलं नव्हतं. दोन महिन्यांनी रमजान होता आणि आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत एतेकाफात बसायचं मी कबूल केलं होतं. मी एकटा राहतो. पत्नीला जाऊन सात वर्षं झाली. दहा दिवस मशिदीबाहेर पडायचं नाही म्हटल्यावर सहरीची आणि इफ्तारची थाळी कुठून येणार, हा प्रश्न माझ्या डोक्यात होताच. तोच त्याला विचारला गेला.

एतेकाफ आपल्याला नवा नाही. रमजानच्या विसाव्या रोजाचा सूर्य मावळण्याआधी माणूस मशिदीत जातो आणि ईदचा चांद होईपर्यंत तिथेच राहतो. हनफी मसलकात ही सुन्नते मुअक्कदा आहे, पण किफाया. म्हणजे जनाज्याच्या नमाजासारखं, काही जणांनी केलं की सगळ्यांच्या माथ्यावरचा भार उतरतो. मोहल्ल्यातून कुणीच बसलं नाही तर जबाबदारी मात्र सगळ्यांची. हा नियम मला नेहमी विचार करायला लावतो. एकट्याने बसण्याची इबादत, पण ती सगळ्या वस्तीच्या वतीने. तंबूत सात दिवस राहणारा माणूस स्वतःसाठी राहतो. मशिदीच्या कोपऱ्यात बसलेला मोतकिफ चहाच्या टपरीवाल्यासाठी, शिंप्यासाठी, नागपूरला बसने रोज ये-जा करणाऱ्या पोरासाठीही बसलेला असतो.

पण बसायला माणूस मिळत नाही, हीही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. रमजानचे शेवटचे दहा दिवस धंद्याचे. कपड्याच्या, चपलांच्या, शेवयांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नोकरीवाल्यांना सुटी नसते. मग मोहल्ल्यातले रिकामे कोण, याचा शोध सुरू होतो. काही ठिकाणी एखाद्या गरीब म्हाताऱ्याला कपड्यांच्या एका जोडीच्या बोलीवर बसवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्याकडे एक बुजुर्ग वर्षानुवर्षं आपल्या खुशीने बसत असत. त्यांच्या भरवशावर आम्ही सगळे निश्चिंत होतो. त्यांचं निधन झालं आणि जमातीच्या नजरा सेवानिवृत्त मास्तरांकडे वळल्या.

आपल्या दीनमध्ये एकांताची सुरुवात खरोखर वाळवंटातच झाली. मक्केजवळच्या जबल-ए-नूर डोंगरावरची हिरा गुहा. तिथे रेती नाही, तापलेला उघडा खडक आहे. रसूलुल्लाह कित्येक रात्री तिथे जाऊन राहत आणि 610 साली पहिली वही तिथेच उतरली. सगळ्या सीरतच्या पुस्तकांत हे येतं. त्याच हदीसमध्ये एक लहानसं वाक्य आहे, ज्याच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. शिदोरी संपली की ते घरी बीबी खदीजांकडे येत आणि पुन्हा तेवढ्या दिवसांची शिदोरी घेऊन जात. म्हणजे हिराच्या एकांतालाही खालून, शहरातल्या एका घरातून, भाकरी जात होती. आणि वही उतरल्यावर थरथरत ते आले तेही त्याच घरी.

मदिनेत गेल्यावर गुहा राहिली नाही, मस्जिद आली. दर रमजानला दहा दिवस एतेकाफ, आणि वफातीच्या वर्षी वीस दिवस, असं हदीसच्या ग्रंथांत आहे. मशिदीला लागूनच घरं होती. एतेकाफात असताना ते डोकं हजरत आयशांच्या हुजऱ्यात झुकवत आणि त्या केस विंचरून देत. एकदा बीबी सफिया रात्री भेटायला आल्या, थोडा वेळ बोलत बसल्या आणि परत निघाल्या तेव्हा त्यांना पोचवायला ते स्वतः उठले. कुरआनमध्ये सूरह बकराहच्या ज्या आयतीत मशिदीतल्या एतेकाफाचा उल्लेख आहे, त्याच आयतीत नवरा-बायकोच्या नात्याबद्दलही सांगितलेलं आहे. आपल्या एकांताला दार आहे आणि दारापलीकडे घर आहे.

दुसऱ्या परंपरांनी वेगळे मार्ग काढले. इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात ख्रिस्ती साधू जाऊन राहिले. संत अँथनी त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. हे साधू खजुरीच्या पानांच्या दोऱ्या आणि टोपल्या विणून विकत, म्हणजे स्वतःची भाकरी स्वतः मिळवत. आपल्याकडे इमाम गझालींनी 1095 साली बगदादची मानाची नोकरी सोडली आणि दमिश्कच्या जामा मशिदीच्या मिनारात दार लावून बसू लागले. पण पुढे मुलाबाळांच्या ओढीने वतनाकडे परतावं लागलं, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. नक्शबंदी सिलसिल्यात तर 'खल्वत दर अंजुमन' हे एक तत्त्वच आहे. गर्दीत राहून आतून एकटं असणं. आमच्या विदर्भातले ताजुद्दीन बाबा 1892 ते 1908 अशी सोळा वर्षं नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. लोकांनी तिथेही दर्शनासाठी रीघ लावली. पुढे राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर आणलं. वैदर्भीय मुसलमानाला खल्वत म्हटलं की आधी गर्दीच आठवते, त्याला हेही एक कारण असावं.

2024 च्या 31 मार्चला विसावा रोजा होता. असरनंतर मी एक पिशवी, एक चादर आणि कुरआनची प्रत घेऊन मशिदीत गेलो. डाव्या हाताच्या कोपऱ्यात दोन खांबांना दोरी बांधून पडदा लावलेला होता. माझ्यासोबत बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एक मुलगा बसणार होता. त्याचा कोपरा उजवीकडे. वजू आणि नैसर्गिक गरज सोडली तर बाहेर पडायचं नाही. आजाऱ्याला भेटायला जायचं नाही, मयतीला जायचं नाही. बोलायला मनाई नाही, पण बाष्कळ बोलायचं नाही. मोबाइल जमा करा असं कुणी सांगत नाही. मी तो बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला. मुलाने त्याचा घरी पाठवून दिला.

पहिले दोन दिवस उत्साहात गेले. तिलावत, नफल, तस्बीह, सगळं वेळापत्रकाप्रमाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र माझ्याकडे करण्यासारखं काही नाही, ही जाणीव अंगावर आली. घड्याळ सव्वातीन दाखवत होतं आणि बऱ्याच वेळाने पाहिलं तर तीन पंचवीस. शाळेत पस्तीस वर्षं घंटेवर जगलेल्या माणसाला घंटा नसलेली दुपार फार मोठी वाटते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती दुपार हळूहळू अंगवळणी पडली. एकच आयत पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटू लागली. मधेच पत्नीची आठवण आली, आणि ती आली तशी मी येऊ दिली. घरी असतो तर उठून रेडिओ लावला असता.

शांतता मात्र नव्हती. लोकसभेच्या निवडणुका लागल्या होत्या. आमच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात 19 एप्रिलला मतदान होतं आणि प्रचाराच्या गाड्या दिवसभर भोंगे लावून फिरत होत्या. एका पक्षाचं गाणं जाऊन दुसऱ्याचं येईपर्यंत एक रुकू वाचून व्हायचा. 9 एप्रिलला गुढीपाडवा आला. सकाळी ढोल-ताशांचा आवाज मशिदीच्या भिंतीवरून गेला. मुलाने पडद्याआडून विचारलं, "सर, आज पाडवा ना?" मी म्हटलं, "हो." त्याला पाडव्याला मित्राच्या घरी पुरणपोळी खायची सवय होती. त्या दिवशी एकोणतिसावा रोजा होता. संध्याकाळी सगळे छतावर गेले. चांद दिसला नाही आणि आम्हाला आणखी एक दिवस मिळाला.

भाचा म्हणाला होता त्या अर्थाने हे वाळवंट नव्हतं. पण सातव्या-आठव्या दिवशी भोंगे चालू असतानाही मन एका जागी बसू लागलं, हे मला इथे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. पैसे न मोजता आणि घरापासून चारशे पावलांवर ते बसलं.

पैसे मोजले नाहीत, पण हिशेब मात्र होता. तो थाळीचा.

रोज पहाटे साडेतीनला मशिदीच्या मागच्या दारावर कडी वाजायची. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा नातू, डोळे चोळत कपड्यात बांधलेली थाळी देऊन जायचा. तांदळाच्या भाकरी, लाखोळीची डाळ, अंडी, जवसाची चटणी, दूध-फेणी. इफ्तारला पुन्हा तेच. चणे, भजी, टरबुजाच्या फोडी, शरबताची बाटली. कपड्याच्या गाठीवरून मला घर ओळखू यायला लागलं. एका घरची गाठ नेहमी दुहेरी. एका घरून भाकरी केळीच्या पानात येत. दहा दिवसांत मी मोजलं. आम्हा दोघांसाठी अकरा घरांतून थाळ्या आल्या. त्यांत माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या घरून सर्वांत जास्त.

पावणेपाचच्या आत सहरी संपते. साडेतीनला थाळी दारात यायची तर चूल अडीचला पेटलेली असणार. ती पेटवणारी बाई आदल्या रात्री तरावीहच्या वेळी घरातली आवराआवर करून साडेअकराला आडवी झालेली असणार. तिचाही रोजा. मग दिवसभराचं घर, मुलं, आजारी माणसं आणि दुपारी चारपासून इफ्तारची तयारी. मला दहा दिवस एकांत मिळाला, कारण अकरा घरांतल्या निदान अकरा बायकांना दहा दिवस एक घटकाही मिळाली नाही. पडद्याआड बसून तस्बीह ओढताना हा हिशेब डोक्यातून जाईना. शेवटी मी तो बाजूला सारणं सोडलं आणि दुआमध्ये त्या गाठींनाच धरून एकेका घराचं नाव घेऊ लागलो.

ईदनंतर आपाकडे गेलो. तिने शीरखुर्मा दिला आणि समोर बसली. घरात आम्ही बोलतो ती हिंदी-मराठी मिसळलेली बोली. ती कागदावर उतरत नाही. तिने विचारलं त्याचा अर्थ असा होता :

"भाई, तिथे दहा दिवस नुसतं बसून काय वाटत होतं?"

मी जमेल तसं सांगितलं. तिसऱ्या दिवसाची दुपार सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी शेवटची एकटी कधी बसले होते, ते मला आठवत नाही."

मी म्हटलं, "आपा, तूही बस. बायकांचा एतेकाफ घरात होतो. कोणत्या कोपऱ्यात बसशील?"

तिने घरभर नजर फिरवली. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, धानाची पोती ठेवायची एक अंधारी खोली. मधुमेही दुल्हेभाई, धाकटा मुलगा, सून, दोन नातवंडं. नजर फिरून परत आली आणि ती काही बोलली नाही. वाट्या उचलून आत गेली.

हनफी फिकहप्रमाणे बाई घरातल्या नमाजच्या जागी एतेकाफ करते. नियम चांगला आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे घरात नमाजची एक ठरलेली जागा आहे आणि ती बाईच्या मालकीची आहे. आपल्यातल्या किती घरांत अशी जागा असते? बाई जिथे मोकळी जागा मिळेल तिथे जानमाज अंथरते. नमाज झाली की गुंडाळून खुंटीला अडकवते, कारण तिथेच मुलांना अभ्यासाला बसायचं असतं. पुरुषासाठी मोहल्ल्याने वर्गणी काढून मस्जिद बांधली, पंखे लावले, हौद बांधला. बाईला सांगितलं की तुझं घर हीच तुझी मस्जिद, आणि त्या मशिदीत चूल पेटवायचं कामही तिलाच दिलं.

रसूलुल्लाहच्या वफातीनंतर त्यांच्या बीबींनी एतेकाफ केला, हे हदीसमध्ये आहे. एका वर्षी त्यांच्या हयातीत तीन बीबींनी मशिदीत आपापले तंबू लावले, तेव्हा ते पाहून त्यांनी स्वतःचाच एतेकाफ त्या वेळी सोडला आणि शव्वालमध्ये दहा दिवस पूर्ण केला, हेही आहे. या दुसऱ्या हदीसवर उलेमांनी खूप लिहिलं आहे. कुणी म्हणतं, बायकांनी मशिदीत बसू नये हा तिचा अर्थ. कुणी म्हणतं, तंबूंमागची आपसातली चढाओढ नको होती. मी आलिम नाही, त्या वादात मी पडत नाही. पण तंबू लावण्याची इच्छा त्या घरात होती आणि तिची नोंद उम्मतने चौदाशे वर्षं जपून ठेवली, एवढं तर कुणालाही वाचता येतं. आपल्या घरातल्या बाईच्या मनात ती इच्छा नसेल, असं आपण कशावरून धरून चालतो?

2025 च्या रमजानमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, आपाने मला बोलावून घेतलं. धानाच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "इथली पोती हलवली तर एक जानमाज आणि एक गादी मावते." एक वर्षापूर्वीच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. दहा दिवस तिला शक्य नव्हते. तीन दिवस नफल एतेकाफ करायचा असं ठरलं. सत्ताविसावी रात्र धरून चांद होईपर्यंत.

मग खरा प्रश्न आला. आपा बसली की तिचं सगळं काम सुनेवर पडणार. एका बाईच्या एकांताचं बिल दुसऱ्या बाईच्या नावावर फाडायचं, तर त्यात आम्ही वेगळं काय केलं? सून बोलली नसती. तिनेही रमजानभर अडीचला चूल पेटवली होती. तेव्हा ठरलं की ते तीन दिवस स्वयंपाकघर पुरुषांचं. मी, धाकटा भाचा आणि ईदसाठी पुण्याहून येणारा थोरला भाचा. थोरल्याने शुक्रवारची रजा टाकली. दुल्हेभाईंनी लसूण सोलायचं काम मागून घेतलं.

27 मार्चला मगरिबच्या आधी आपा आत गेली. दाराला तिने आपल्या लग्नातल्या जुन्या साडीचा पडदा लावला होता. पहिल्या पहाटे आम्ही तिघे दोनला उठलो. डाळ खारट झाली, कारण दोन्ही भाच्यांनी आपापल्या हिशेबाने मीठ टाकलं होतं. सून दारात उभी राहून हसत होती. तिला आम्ही परत झोपायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी लहान नातू पडद्याबाहेर रडत बसला, तर आपाने आतूनच त्याला गोष्ट सांगितली. बोलायला मनाई नाही. दुल्हेभाईंचं इंजेक्शन थोरल्या भाच्याने दिलं, आणि ते देताना आईने इतकी वर्षं वेळ कधी चुकवली नाही हे त्याच्या लक्षात आलं. रात्री नळाखाली भांडी घासताना तो मला म्हणाला, "मामू, त्या शिबिरात भांडी कुठे घासत होते, ते मी पाहिलंच नव्हतं."

30 मार्चला पुन्हा पाडवा होता, आणि त्याच संध्याकाळी चांद दिसला. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर गुढी उतरवत होते आणि मोहल्ल्यात चांदरातीची धावपळ सुरू झाली होती. आपा पडदा सारून बाहेर आली. सगळे तिच्याकडे बघत होते म्हणून थोडी संकोचली. मी नंतर एकांतात विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, "पहिला दिवस मी नुसती झोपले. दुसऱ्या दिवशी फार जुनी माणसं आठवली. तिसऱ्या दिवशी कुरआन वाचलं." एवढंच. तिने त्यापुढे काही सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झालं आणि सम्राट अशोकाच्या काळापर्यंत मागे जाणाऱ्या स्तूपाचे अवशेष सापडले. शाळेच्या सहलीत मी मुलांना तिथे नेत असे. भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहून वर्षावास करत. तीही एकांताचीच साधना. त्यांना भोजन गावातल्या माणसांनी द्यायचं असे. त्या स्तूपाच्या दगडांवर कोरलेली नावं आहेत ती दान देणाऱ्यांची. माझे एक बौद्ध सहकारी शिक्षक नागपूरच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आले होते. त्यांनी मला तिथली पद्धत सांगितली, ती मला फार आवडली. शुल्क नाही. खर्च आधी बसून गेलेल्यांच्या दानातून होतो आणि स्वयंपाक-वाढपाची सेवाही आधी बसून गेलेले साधक करतात. एका वेळी बसायचं, दुसऱ्या वेळी वाढायचं.

आपल्याकडे ही पद्धत आणायला कोणता फतवा आड येतो, ते मला दिसत नाही. जो यंदा एतेकाफात बसला, त्याने पुढच्या रमजानला मोतकिफाची थाळी स्वतःच्या हाताने बनवून न्यावी. बायकोला सांगून नव्हे, स्वतः बनवून. मोहल्ल्याच्या कमिटीच्या वहीत बसणाऱ्यांची नावं असतात, तिथे थाळी पाठवणाऱ्या घरांतल्या बायकांचीही लिहावीत, त्यांच्या नवऱ्यांच्या नावाने नव्हे, त्यांच्या स्वतःच्या. पवनीच्या दगडावर जे होऊ शकलं, ते शंभर पानी वहीत व्हायला हरकत नाही. आणि ज्या मशिदींत जागा आहे, तिथे बायकांसाठी वेगळ्या दाराची एक खोली हा विषय जमातीच्या बैठकीत निदान निघावा. मक्का-मदिनेच्या हरममध्ये आपल्याच आया-बहिणी नमाज पढून येतात. परत आल्यावर त्यांच्यासाठी गावातल्या मशिदीत जागा नसते.

भाचा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जैसलमेरला जायचं म्हणतो. जावं त्याने. तारे बघायला तिथे बरं आहे. मी त्याला एवढंच सुचवलं आहे की एक दिवस तिथल्या स्वयंपाकघरात काम मागून बघ.

आणि आपल्या वाचकांना माझं सांगणं थोडंच आहे. पुढचा रमजान येण्याआधी घरातल्या बाईला विचारून पाहावं की तुला तीन दिवस मिळाले तर घरातल्या कोणत्या कोपऱ्यात बसशील? लगेच उत्तर येणार नाही. आमच्या आपाला ते शोधायला एक वर्ष लागलं.